फायरवॉल बंद करणे हा इलाज नव्हे
प्रिंटर शेअर होत नाही, गेम जोडला जात नाही, की ‘फायरवॉल बंद कर’ हा सल्ला ठरलेलाच. तो चुकीचा आहे. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या नेटवर्क वाहतुकीवरचा पहारेकरी. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेर जाणारी वाहतूक अडवत नाही, न मागता आत येणारी अडवते. म्हणजे वेबसाइट उघडत नसेल तर दोष बहुधा दुसरीकडेच.

खरी गोम अशी: नवा प्रोग्राम नेटवर्क वापरू पाहतो तेव्हा फायरवॉल दाखवते त्या परवानगीच्या चौकटीत घाईने ‘कॅन्सल’ दाबले की त्या प्रोग्रामच्या नावाने ‘ब्लॉक’ नियम तयार होतो, आणि तो ‘अलाऊ’ नियमाला भारी पडतो. मग परवानग्या देत बसा! विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘डब्ल्यूएफ डॉट एमएससी’ (wf.msc) चालवा, ‘इनबाउंड रूल्स’ म्हणजे आत येणाऱ्या वाहतुकीच्या नियमांमधला लाल खुणेचा तो नियम पुसा. घरच्या वायफायचे प्रोफाइल, म्हणजे विंडोजने त्या नेटवर्कला दिलेला प्रकार, ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. प्रिंटर बऱ्याचदा तेवढ्यानेच दिसू लागतो.