रस्त्याकडेचे क्रूस आणि 'प्लेगचा क्रूस' ही भानगड

ठाण्यात किंवा घोडबंदर रोडने भाईंदर-उत्तनकडे जाताना रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, कुठे दोन दुकानांच्या मधे पांढरा चुना मारलेला क्रूस दिसतो, गळ्यात झेंडूची माळ, खाली मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "प्लेगच्या वेळचाय."

प्लेगची गोष्ट खोटी नाहीच. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि साष्टीभर, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतच्या बेटावर पसरला, लोक घरं सोडून शेतात झोपड्या टाकून राहिले. अशा वेळी गावाच्या वेशीवर क्रूस उभा करायचा, संध्याकाळी तिथेच जमून प्रार्थना करायची. साथ क्रुसापर्यंत आली आणि मागे फिरली, ही दंतकथा गावोगाव आहे, फक्त गावाचं नाव बदलतं. आणि नवल नाही, वेशीवर मारुती किंवा गावदेवी राखणीला बसवायची सवय याच मातीतली, धर्म बदलला म्हणून वेस थोडीच बदलते. आजही माळ घालणारे सगळे ख्रिस्तीच असतात असं नाही.

पण सगळेच क्रूस प्लेगचे कसे असतील? १५३४ च्या तहात वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३७ पर्यंत त्यांच्याकडेच होती. जुन्या दगडी क्रुसांवर हातोडा, खिळे, शिडी, कोंबडा, म्हणजे येशूच्या मरणाच्या गोष्टीतल्या खुणा, कोरलेल्या असतात ती त्या काळची पद्धत. मराठ्यांनी ठाणं घेतल्यावर गोरे पाद्री बहुतेक निघून गेले, इथलीच माणसं आणि इथलेच पाद्री राहिले. या इथल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेणं तर १८८७ पासूनचं. कितीतरी क्रुसांवर १८९६ च्या आधीची सालं आहेत, काही नवसाचे, काही कुणाच्या आठवणीत बांधलेले. त्यात दगडावरचं साल म्हणजे पहिल्यांदा उभारल्याचं असेलच असंही नाही, आधी लाकडाचा, तो कुजला मग दगडाचा, आणि साल कोरलं ते दुसऱ्या वेळी.

हे सालाचं प्रकरण आधी फक्त हौशी लोकांपुरतं होतं, २००९ नंतर ते जिवावरचं झालं. त्या वर्षी २९ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्यावर, बागेत, सार्वजनिक जागेत यापुढे नवं प्रार्थनास्थळ बांधू द्यायचं नाही आणि आधीच्यांचा निकाल राज्यांनी एकेक प्रकरण बघून लावायचा. मग २०११ मध्ये महाराष्ट्रात अशा बेकायदा प्रार्थनास्थळांच्या यादीचा नियम आला, १ मे १९६० च्या आधीची वेगळी, नंतरची वेगळी, आणि तीन वर्ग: अ म्हणजे नियमित करायची, ब म्हणजे पाडायची, क म्हणजे हलवायची. ऐकायला सरळ वाटतं, पण १९६० च्या आधीचा आहे हे दाखवायचं कसं? देवळाला निदान इनामाचा, सनदेचा कागद सापडू शकतो, वेशीवरच्या क्रुसाला कोण कागद करून ठेवणार? क्रूस उभा केला तेव्हा तिथे बैलगाडीची वाट होती, मग डांबर आलं, रुंदीकरण आलं, आणि ज्याच्या पुढ्यात रस्ता नंतर आला तोच रस्त्यावरचं अतिक्रमण ठरला. मला हे बरोबर वाटत नाही. रस्ता मोकळा हवा हे मान्य, पण शंभर वर्षांचा दगड आणि गेल्या वर्षी रातोरात बांधलेला चौथरा एकाच यादीत टाकून चालत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याला बाजार रोडवरचा क्रूस पाडला गेला, लोक सांगत होते शंभर वर्षांहून जुना आहे, जागाही खासगी आहे. तेव्हापासून ठाण्यातही जुन्या वाड्यांतले लोक सावध झाले. आणि इथेच 'प्लेगचा क्रूस' हा शब्द कामाला आला, कारण प्लेग म्हटलं की १९६० च्या कितीतरी आधीचं हे ऐकणाऱ्याला लगेच पटतं. म्हणून ज्याच्यावर १८६० चं साल आहे त्यालाही आता प्लेगचाच म्हणतात, म्हणजे वाचवायच्या नादात आपणच त्याचं वय कमी करतो.

मे महिना मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, तेव्हा क्रुसासमोर रोज संध्याकाळी लिटनी, म्हणजे एकाने म्हणायची आणि सगळ्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना, होते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. त्याच्या आधी नवा चुना मारतात, थरावर थर बसून कोरलेली अक्षरं बुजत जातात. त्यामुळे ज्यांच्या वाडीत क्रूस आहे त्यांनी यंदा चुना मारायच्या आधी दगड नीट पुसून सालाचा फोटो काढून ठेवा, सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं चांगली उठतात.