रॉबिनची छाती नारिंगी, मग नाव ‘रेडब्रेस्ट’ कसं?

इंग्लंडमधला रॉबिन हा छोटा पक्षी नुसता फोटोत जरी नीट बघितला ना, तरी प्रश्न पडतोच की याला ‘रेडब्रेस्ट’ म्हणजे लाल छातीचा का म्हणतात, कारण कपाळापासून छातीपर्यंतचा तो रंग चक्क नारिंगी आहे, कडेने निळसर राखाडी किनार, आणि लाल म्हणावं असं त्यात काहीच नाही.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत याचं नाव होतं ‘रुडुक’, पुढे त्याचं ‘रडक’ झालं. यातला ‘रुड’ हा ‘रेड’चा सख्खा भाऊ, आणि शेवटचा ‘उक’ हा लहानशा गोष्टींना लागणारा प्रत्यय, म्हणजे आपण ‘तांबडुला’ म्हणावं तसं काहीतरी. आपला ‘रुधिर’ पण त्याच मुळातून आलाय बरं का! १४व्या शतकात चॉसरने पक्ष्यांच्या सभेवर कविता लिहिली त्यात याला ‘माणसाळलेला रडक’ म्हटलंय, आणि ते अगदी खरंय, बागेत कोणी माती खणायला लागलं की हा हातभर अंतरावर येऊन बसतो, गांडूळ वर आलं की उचलायला.

१५व्या शतकात ‘रेडब्रेस्ट’ रुळलं आणि त्याच सुमाराला पुढे ‘रॉबिन’ लागलं. रॉबिन म्हणजे रॉबर्टचं लाडाचं नाव, फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडमध्ये आलेलं. घराच्या आसपासच्या पक्ष्यांना माणसांची नावं द्यायची तिथे पद्धतच होती, ‘पाय’ नावाच्या पक्ष्याचा मॅगपाय झाला (मॅग म्हणजे मार्गारेट), ‘डॉ’ नावाच्या कावळ्याच्या भाईबंदाचा जॅकडॉ झाला. आपण चिमणीला चिऊताई म्हणतो तशीच माया ही.

आता रंगाचं. तेव्हाच्या इंग्रजीत नारिंगी रंगाला स्वतःचा असा शब्दच नव्हता! जुन्या इंग्रजीत फार तर ‘पिवळा-लाल’ असा जोडशब्द सापडतो. शब्द आला तो फळाबरोबर, आणि तोही आपल्याकडून, संस्कृत नारंग, मग फारसी, अरबी, तिथून युरोपातल्या भाषा करत करत १४व्या शतकात इंग्रजीत ‘ऑरेंज’ हे फळ आलं, आणि त्याचा रंगासाठी वापर सुरू व्हायला १६वं शतक उजाडलं, तोवर पक्ष्याचं बारसं होऊन गेलेलं. लोकांना रंग दिसत नव्हता असं मुळीच नाही, ‘रेड’ या शब्दात तेव्हा जास्त छटा मावायच्या एवढंच. आपला ‘तांबडा’ घ्या, तो आला ताम्र म्हणजे तांब्यावरून, आणि पहाटे ‘तांबडं फुटलं’ म्हणतो तेव्हा आभाळ खरं तर नारिंगीच असतं.

या छातीचं खुद्द रॉबिनला काय वाटतं हेही तपासून झालंय. १९३०च्या दशकात पक्षीअभ्यासक डेव्हिड लॅक यांनी इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये प्रयोग केले, रॉबिनच्या हद्दीत पेंढा भरलेलं तपकिरी छातीचं पिल्लू ठेवलं तर त्याच्याकडे सहसा लक्ष गेलं नाही, पण छातीच्या लालसर पिसांचा नुसता झुबका ठेवला, ना डोकं ना शेपूट, तरी तो छाती फुगवून त्याला धमकावायला लागला.

पुढे इंग्रज जिथे गेले तिथे हे नाव घेऊन गेले. अमेरिकेतला रॉबिन खरं तर वेगळाच पक्षी, कस्तुर म्हणजे थ्रश कुळातला. आणि आपला चिरक, म्हणजे इंडियन रॉबिन, त्याची छाती काळी, तांबूस रंग आहे तो शेपटीखाली, शेपटी उभारली की मगच दिसतो.