लाइट कर्टन डायजवळ सरकवण्याआधी

लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या डायसमोरचा (साच्यासमोरचा) किरणांचा पडदा; हाताने किरण तुटला की प्रेसला थांबायचा इशारा जातो. आम्ही हे कर्टन बसवतो. ‘ऑपरेटरचा हात पोचत नाही, कर्टन थोडा आत घेऊन द्या’ हा फोन आम्हाला सगळ्यात जास्त येतो. काही ठिकाणी तर फोन न करताच कर्टन सरकवलेला दिसतो. टेस्ट रॉड (किरण अडवून पाहायची काठी) घातला की प्रेस थांबतो, त्यामुळे सगळे ठीक वाटते. पण रॉड सावकाश आत जातो. घसरलेला जॉब (डायमधला कामाचा तुकडा) पकडायला झेपावलेला हात तसा जात नाही.

कर्टन हात अडवत नाही, हात आल्याचे फक्त कळवतो. थांबवायचे काम प्रेसच्या क्लच-ब्रेकचे. किरण तुटल्यापासून रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबेपर्यंत हात जेवढा पुढे जाईल तेवढे अंतर मध्ये हवेच. आयएसओ १३८५५ या सुरक्षित अंतराच्या मानकात हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात. म्हणजे एका मिलिसेकंदाला दोन मिलिमीटर.

समजा प्रेस थांबायला १३० मिलिसेकंद आणि कर्टन व रिलेचे (इशारा प्रेसपर्यंत नेणाऱ्या स्विचचे) मिळून २०, असे एकूण १५० लागतात. २००० × ०.१५ = ३०० मिमी. ३० मिमी रेझोल्यूशनच्या (म्हणजे एवढी जाडी असेल तरच नक्की ओळखणाऱ्या) कर्टनमध्ये किरण तुटण्याआधीच बोटे थोडी आत गेलेली असतात, त्यासाठी ८ × (३० − १४) = १२८ मिमी आणखी. एकूण ४२८. १४ मिमीच्या कर्टनला ही भर शून्य, म्हणून ३०० पुरतात. हात खरेच पोचत नसेल तर उपाय हा आहे. कर्टन महाग पडतो, पण १२८ मिमी हिशेबात बसून वाचतात. (उत्तर ५०० च्या वर गेले तर वेग १६०० धरून पुन्हा करा, मग ते ५०० च्या खाली आले तरी ५०० च ठेवा.)

एकदा काढलेले अंतर कायमचे नसते. ब्रेकचा लायनर (घासणारे अस्तर) झिजला, त्यावर तेल गेले किंवा वरची डाय जड बसवली की थांबायचा वेळ वाढतो. वरच्या उदाहरणात ३० मिलिसेकंद वाढले तर ६० मिमी कमी पडतात, आणि कर्टनवरचा दिवा मात्र तसाच हिरवा राहतो. म्हणून आम्ही सर्वांत जड डाय लावून, रॅम खाली येताना सर्वांत वेगात असतो तिथे दहा वेळा मोजतो आणि सर्वांत मोठा आकडा धरतो. यात प्रेस काही वेळ बंद राहतो, त्यावर कुरकुर होते. लायनर बदलताना बोलावलेत तर वेगळा बंद घ्यावा लागत नाही.

कर्टन धरणारे आमचे ब्रॅकेट साध्या पान्याने सुटत नाहीत, हीही तक्रार असते. ते मुद्दाम आहे.

की-क्लचच्या प्रेसवर आम्ही कर्टन बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तो प्रेस एकदा सुटला की फेरा पूर्ण करूनच थांबतो. तिथे डायभोवती बंद जाळी हवी. आणि कर्टनच्या आत माणूस उभा राहू शकेल एवढी जागा उरत असेल तर ती आडव्या कर्टनने किंवा पत्र्याने बंद करा. रीसेट बटण नेहमी बाहेर, डाय दिसेल अशा जागी ठेवा.

अपघात झालाच तर आधी प्रेस बंद करून लॉक करा. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको. नंतर कर्टन, डाय, सेटिंग काहीही हलवू नका. फोटो काढा, अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. ‘त्यानेच हात घातला’ म्हणून विषय संपत नाही: अनेक देशांत कामावरच्या इजेची भरपाई मालकाची चूक सिद्ध न करताही मिळते, आणि गार्ड सरकवलेला निघाला तर मालकाची बाजू आणखी लंगडी पडते. जखमी कामगाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने थांबण्याच्या वेळेची नोंद मागितली तर ती द्या. आमच्या प्रत्येक भेटीचा तक्ता दोन प्रतींत असतो. एक प्रेसच्या पॅनलमध्ये ठेवतो, ती तिथून काढू नका.