आवाराबाहेरचा वाचक : व्यवस्थापन ग्रंथालये आणि टाळेबंदी

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा व्यवस्थापन संस्थांच्या ग्रंथालयांचा बराचसा संग्रह कपाटांतून संगणकावर गेलेला होता. 2003 मध्ये सुरू झालेल्या इंडेस्ट या ग्रंथालयांच्या संघामुळे आयआयटींबरोबर आयआयएमनाही ई-जर्नल्स आणि डेटाबेस एकत्रित वर्गणीत मिळू लागले होते आणि 2015 मध्ये इंडेस्टसह तीन योजनांचे विलीनीकरण होऊन ई-शोधसिंधू ही ई-जर्नल्सच्या एकत्रित वर्गणीची राष्ट्रीय योजना उभी राहिली. त्यामुळे इमारत बंद झाली तरी वाचन सुरू राहील, असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात अडचण आली ती करारांत. या सेवा बहुतांशी संस्थेच्या आयपी पत्त्यांशी, म्हणजे आवारातल्या इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकांशी, बांधलेल्या असत. आवारातल्या संगणकावर सहज उघडणारा लेख गावी परतलेल्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शोधला, की पडद्यावर लेखाऐवजी त्याची किंमत दिसे.

यावरचा उपायही जुनाच होता. बाहेरच्या वाचकाला संस्थेच्या जोडणीतून प्रवेश देणारी ईझीप्रॉक्सी ही प्रणाली 1999 पासून वापरात आहे, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने उभारलेल्या इन्फेडमध्ये संस्थेने दिलेल्या लॉगिनवर वाचकाला कोठूनही प्रवेश मिळू शकतो. पण वाचक रोज समोर येऊन बसत असताना हे काम मागे पडणे स्वाभाविक होते. टाळेबंदीत तेच ग्रंथपालाचे पहिले काम झाले : सदस्यांच्या याद्या अद्ययावत करणे, प्रत्येकाचे खाते उघडणे आणि पासवर्ड विसरलेल्यांना फोनवर एकेक पायरी सांगणे. या कामाची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात पुरेशी होत नाही, याची खंत वाटते.

व्यवस्थापन ग्रंथालयांची खरी कसोटी मात्र लेखांपेक्षा आकडेवारीत लागली. शेअर बाजार आणि कंपन्यांची ताजी आकडेवारी देणारी ब्लूमबर्ग टर्मिनल ही संगणक यंत्रणा याचे ठळक उदाहरण. हिरवी ‘गो’ कळ आणि बाजारांच्या पिवळ्या कळा असलेला त्याचा खास कीबोर्ड ग्रंथालयातल्या ठरावीक टेबलावरच असतो आणि विद्यार्थी पाळीपाळीने तेथे बसतात. 2020 मध्ये परदेशांतील अनेक विद्यापीठांनी दूरस्थ प्रवेशाची तात्पुरती सोय मिळवून विद्यार्थ्यांना वेळा वाटून दिल्या, म्हणजे टेबलासमोरची रांगच घरोघर नेली. केस स्टडींचे, म्हणजे वर्गात चर्चेसाठी वापरल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या प्रसंगलेखांचे, गणित आणखी वेगळे आहे. त्या सामान्यतः प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्रत या हिशेबाने विकल्या जातात, त्यामुळे ग्रंथालयाने घेतलेली एक प्रत स्कॅन करून वर्गाला पाठवणे करारात बसत नाही.

छापील पुस्तकांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. अमेरिकेतील ‘रेल्म’ प्रकल्पाच्या जून 2020 मधील पहिल्या चाचणीत सुटी ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनंतर विषाणू आढळला नाही, परंतु सप्टेंबरमधील चाचणीत एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर तो सहा दिवसांनंतरही सापडला. परत आलेली पुस्तके काही दिवस बाजूला ठेवण्याची पद्धत अशा चाचण्यांच्या आधारे रुळली.

पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. सुमारे 13,000 ई-जर्नल्स त्यातून देशातील सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना खुली होतात. महाराष्ट्रातील एमबीएची बहुतेक महाविद्यालये खासगी असल्याने या योजनेबाहेर राहतात, आणि कंपन्यांच्या आकडेवारीच्या डेटाबेसची वर्गणी प्रत्येक संस्थेला आजही स्वतःच भरावी लागते.