मिरगाचा किडा आभाळातून पडत नाही

मिरगाचा पाऊस झाला की बांधावर लाल मखमली किडे फिरतात आणि ‘पावसासंगं वरून पडले’ हे परभणी-नांदेडकडं हमखास ऐकू येतं. तसं काही नाही. ते वर्षातला बहुतेक काळ जमिनीतच असतात. माती भिजली की वाळवी खायला, जोडीदार शोधायला वर येतात.

मोबाईल मातीला टेकवून फोटो काढा, मोठा करून पाय मोजा. आठ भरतील! म्हणजे हा कोळ्याचा भाऊबंद, कीटक नव्हेच. बोट मात्र लावू नका, पाय आवळून बसतो. पिल्लांना सहाच पाय. ती नाकतोड्यांसारख्यांच्या अंगाला चिकटून रस शोषतात. कडक उन्हात फोटोत नुसता लाल डाग येतो. स्वतःची सावली पाडा, केसन्‌केस दिसेल.