वास्तुविशारद नोंदणी, बेळगाव सीमाभागातील

वास्तुकलेच्या पदवीधराला ‘आर्किटेक्ट’ या नावाने व्यवसाय करण्याचा अधिकार देणारी कायदेशीर नोंद. ती नवी दिल्लीची काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही वैधानिक परिषद करते. राज्यशासन किंवा महानगरपालिका नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील नवोदितांच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. नोंदवही देशभर एकच असल्याने शिक्षण सीमेच्या कोणत्याही बाजूला झाले, तरी मिळालेला क्रमांक बेळगावात आणि कोल्हापुरात सारखाच ग्राह्य ठरतो.

या नियमनाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेदाला जागा आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मुंबईत १९१७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी-संघटनेपासूनही हा इतिहास मांडता येतो. हीच संघटना १९२२ मध्ये बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. मात्र तिचे सभासदत्व ऐच्छिक होते. सभासद नसलेल्याने आर्किटेक्टची पाटी लावली, तरी कायद्याची आडकाठी नव्हती. अपात्र व्यक्तींकडून खर्चिक व असुरक्षित इमारती उभ्या राहतात, हे कारण देऊन संसदेने १९७२ चा २० वा अधिनियम, म्हणजे आर्किटेक्ट्स ॲक्ट, केला. तो १ सप्टेंबर १९७२ पासून अमलात आला. परवाना या अर्थाने हेच वर्ष प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक.

अधिनियमाच्या कलम ३७ चा अर्थ दीर्घकाळ वादग्रस्त होता. आराखडे काढण्याचे काम केवळ नोंदणीकृतांसाठी राखीव आहे, असा परिषदेचा आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये मुकेश गोयल प्रकरणात तो अमान्य केला : कलम संरक्षण देते ते ‘आर्किटेक्ट’ या अभिधानाला, कामाला नव्हे. त्याच निकालाने उत्तर प्रदेशातील नोएडा प्राधिकरण या शहर-विकास संस्थेला ‘असोसिएट आर्किटेक्ट’ हे पदनाम नोंदणी नसलेल्या अधिकाऱ्यासाठी वापरण्यास मनाई केली. त्यामुळे घराचा प्लॅन सिव्हिल इंजिनिअरकडून काढून घेण्याच्या सर्रास प्रथेला या कलमाने प्रतिबंध होत नाही. नवोदिताला काम मिळवायचे ते कौशल्यावर. नोंदणी त्याला मक्तेदारी देत नाही.

पाच वर्षांच्या पदवीतच प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा काळ अंतर्भूत असतो. त्यानंतर वेगळी परवाना-परीक्षा नाही. ही पदवी देणाऱ्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे. तरीही सीमाभागात दहावी किंवा बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र उमेदवारी गट असल्याने काही जण तिकडे जातात. नोंदणीक्रमांकात ‘सीए’ ही अक्षरे, नोंदणीचे वर्ष आणि अनुक्रमांक तिरप्या रेघांनी जोडलेले असतात. क्रमांक येईपर्यंत उमेदवार ज्येष्ठांच्या कार्यालयात काम करतो. त्याने रात्र जागून काढलेल्या नकाशावरही शिक्का व सही ज्येष्ठाची पडते, आणि व्यावसायिक जबाबदारीही त्यांचीच राहते. नूतनीकरण शुल्क थकल्यास नाव नोंदवहीतून वगळले जाते. शुल्क भरून ते पुन्हा दाखल करून घेता येते.

स्थानिक कामात नोंदणीइतकीच गरज असते ती कागदपत्रांच्या जाणकारीची. बेळगाव शहरात मुंबई राज्याच्या काळातील सी.टी.एस. (नगर भूमापन) क्रमांक व उतारा आजही चालतो, तर भोवतालच्या जमिनी भूमापनाच्या आर.एस. क्रमांकाने ओळखल्या जातात. नियोजनाला मात्र कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ लागू आहे आणि शासकीय परिपत्रके कन्नडमध्ये निघतात. मराठी शाळेतून आलेल्या नवोदिताने कन्नड वाचण्याचा सराव पदवीच्या काळातच करावा, हे उत्तम. छावणी (कॅन्टोन्मेंट) हद्दीतील बांधकामासाठी छावणी मंडळाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.