मानवी वावर आणि वन्यजीव (उष्णकटिबंधीय वने)

उष्णकटिबंधीय वनांत माणसांची रोजची ये-जा, गुरांची चराई, वनोपजाची वेचणी, वाहतूक, पर्यटन आणि वणवे यांमुळे वन्य प्राण्यांच्या जीवनक्रमात सतत येणारा व्यत्यय म्हणजे मानवी वावराचा ताण होय. वृक्षतोडीने जंगलाचे क्षेत्र घटते आणि ते उपग्रहाच्या चित्रात दिसते. वावरामुळे क्षेत्र तेवढेच राहते, पण त्यातला कोणता भाग आणि कोणत्या प्रहरी प्राण्याला वापरता येईल, यावर बंधन पडते. झाडे उभी असूनही मोठे प्राणी नाहीसे झालेल्या वनाला केंट रेडफर्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये ‘रिकामे जंगल’ म्हटले. त्याचा रोख मुख्यतः शिकारीवर होता; शिकार नसतानाही निव्वळ वावराने जंगल काही तासांपुरते रिकामे होते, हे त्यानंतर अधिक स्पष्ट झाले.

नागपूरच्या उत्तरेस पेंच, आग्नेयेस उमरेड-पवनी-कऱ्हांडला, दक्षिणेस ताडोबा-अंधारी आणि शहराला अगदी खेटून गोरेवाडा, अशी ही शुष्क पानझडी जंगले साग, मोह, ऐन आणि तेंदूची आहेत. उन्हाळ्यात पाने झडून आडोसा विरळ होतो, पाणवठे मोजके उरतात आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणसांची वर्दळ सर्वाधिक असते.

मार्च-एप्रिलमधील मोहफुलांचा हंगाम याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात, म्हणून गावकरी टोपल्या घेऊन झुंजूमुंजू होताच झाडाखाली पोहोचतात. अस्वलालाही ती फुले तितकीच प्रिय आणि चितळेही ती खातात. वाकून वेचणारा माणूस झुडपाआडून चटकन ओळखू येत नाही, त्यामुळे हल्ले होतात. प्राणी मात्र बहुतेक वेळा काढता पाय घेतो, आणि त्याच्या या उपाशी माघारीची नोंद कुठेच होत नाही. पाचोळ्यात फुले दिसावीत म्हणून झाडाखाली लावलेली आग पसरून वणवा होतो आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी त्यात जातात. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणीमुळे हीच वर्दळ लांबते. ज्यांचे वर्षाचे मीठमिरची या हंगामावर चालते, त्यांना केवळ ‘अडथळा’ ठरवणे अन्यायाचे होईल.

वावर टाळण्यासाठी प्राणी बहुधा जागेपेक्षा वेळ बदलतात. सहा खंडांतील ६२ सस्तन प्रजातींच्या अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित विचार झाला, तेव्हा माणसांच्या सान्निध्यात त्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट वाढल्याचे आढळले. दिवसा चरणारा प्राणी अंधारात चरू लागला, की त्याची भक्षकाशी गाठ पडण्याची वेळही बदलते. गुरांमुळे चारा वाटला जातो, तर गावकुत्री चितळांची पाडसे मारतात आणि रोगही पसरवतात.

रस्त्यांचा परिणाम कायमचा असतो. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गाच्या चौपदरीकरणात दीर्घ न्यायालयीन वादानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ भुयारी व पुलाखालील मार्ग बांधले गेले. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत २०१९ मध्ये वाघासह १८ प्रजाती त्यांखालून जाताना टिपल्या गेल्या. मात्र वर धावणाऱ्या ट्रकांचा आवाज आणि रात्रीचे झोत पुलाने थांबत नाहीत.

पर्यटनाचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्याच्याच पैशावर अनेक गावांचा रोजगार आणि काही अंशी संरक्षणही उभे आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. असा कोंडमारा डोळ्यांना दिसतो. शरीरातला ताण विष्ठेतील संप्रेरकांवरून मोजावा लागतो. कान्हा आणि बांधवगड येथील वाघांच्या विष्ठेत पर्यटनाच्या हंगामात ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण बंद काळापेक्षा जास्त आढळले आहे.